तळाला पोट

कॅबिनेट उघडं, आडवं, जेवणाच्या टेबलावर.
आई म्हणाली, आज पानं खाली घ्या.
मदरबोर्ड तिच्या पैठणीच्या खोक्यावर,
आणि मी नळाला हात लावून आलेली,
अंगातली वीज उतरवून.

ग्राफिक्स कार्ड देवळाली कॅम्पातल्या रियाझचं, वापरलेलं.
"दोन वर्षं नाणी खणलीत त्यावर," त्यानं आधीच सांगितलं,
"पण पंखे नवे टाकलेत. घासाघीस नको, ताई."
केली. पाचशे सुटले, वर चहा.

रात्री फोनवर सगळे जमले.
ओझरचा वरदराज म्हणतो, पेस्ट तांदळाएवढी.
सिन्नरची ऋग्वेदा म्हणते, वाटाण्याएवढी, मधोमध.
रियाझ म्हणतो, फुली मार, नाहीतर कोपरे कोरडे राहतात.
चाळीस मिनिटं हेच.
तेवढ्यात आमच्याकडे खरा तांदूळ शिजला,
वाढून, जेवून, भांडीसुद्धा झाली.

मी तांदूळ धरला.
चार स्क्रू, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत.
बटण दाबलं.
पंखे फिरले. पडदा काळा.
पुन्हा.
काळा.
"रॅम बसली नसेल. दाब."
दाबली.
"अजून."
आता मोडतेय असं वाटेपर्यंत दाबली, आणि
खट्.
मग जे उजळलं ते पाहून
आम्ही चौघं चार ठिकाणी एकदम ओरडलो.

पण ताप.
नुसतं बसून पंचावन्न, कामाला जुंपलं की ब्याण्णव.
पेस्ट पुसली. वाटाणा लावला. ब्याण्णव.
पुसली. फुली. ब्याण्णव.
ऋग्वेदा म्हणाली, मे महिना आहे गं, माणसं तापतात.
रियाझ म्हणाला, कूलर परत कर.
परतीची मुदत मंगळवारी संपलेली.

बाबा उठून आले तेव्हा दीड वाजला होता.
तांबट आळीत एक्केचाळीस वर्षं
हंडे, घंगाळी, बंब ठोकून
कान गेलेत त्यांचे. आमच्या कालव्यानं नाही,
दिव्यानं जागे झाले.

कूलर हातात घेतला. सहा नळ्या.
नखानं एकेक वाजवून पाहिली,
ऐकू येत नाही हे विसरून.
"कुणी ठोकलाय?"
यंत्रानं, मी खुणेनं सांगितलं.
"तरीच."
मग तळावर अंगठा फिरवला, सावकाश,
तान्ह्याच्या टाळूवरून फिरवावा तसा.
"पोट आहे याला."

मी अंबडच्या कंपनीत तपासणीला बसते.
पगार मिळतो तो मायक्रॉन मोजायचा.
स्टीलची पट्टी तळावर उभी धरली, मागं टॉर्च.
मध्ये काळोख, दोन्ही कडांना उजेडाची रेघ,
केसाहून बारीक.
अंगठ्याला जे कळलं ते बघायला
मला पट्टी लागली, टॉर्च लागला, आणि एक डोळा मिटावा लागला.

त्यांनी काच मागितली.
देव्हाऱ्यातल्या तसबिरीची काढून दिली.
काचेवर पॉलिश पेपर, पेपरवर पाणी,
आणि इंग्रजी आठ काढत राहिले, न दाबता,
दर वीस आठांनी कूलर फिरवून.
फोनवर तिघं गप्प. वरदराजसुद्धा.
निकेलचा पांढरा मुलामा आधी मधोमध गेला,
रुपयाएवढा लाल डाग उगवला,
पसरला, कडांना टेकला.
"कल्हई," बाबा म्हणाले,
"दिसायला बरी असते."

पेस्ट त्यांनीच लावली. बोटानं. पातळ, सगळीकडे,
ना तांदूळ ना वाटाणा.
शहाऐंशी.
"सहाच अंश?" वरदराज.
"गप रे," ऋग्वेदा.

बाबांनी विचारलं, चालू आहे ना?
मी त्यांचा तळवा कॅबिनेटवर ठेवला.
बराच वेळ उभे राहिले, मान तिरकी करून.
मग ग्राफिक्स कार्डाजवळ बोट नेलं.
"हा पंखा लंगडतोय. जुना आहे."

मी फोनकडे पाहिलं.
रियाझनं आवाज बंद केला होता.